घरघर

आमच्या वऱ्हाडात शांतता ही बारमाही वस्तू नव्हे. होळी उलटली की घरोघरच्या खिडक्यांत कूलर चढतात, त्यांच्या ताट्यांतून पाणी झिरपू लागते आणि त्यांच्या पात्यांचे घोंघावणे मृगाच्या पावसापर्यंत अहोरात्र घराचा ताबा घेऊन बसते. पुढे पावसाळी उकाड्यात छताचे पंखे, श्रावणात राजराजेश्वराच्या कावडींबरोबरचे ढोल, मग गणपती, मग देवी, मग दिवाळीचे फटाके, अशा क्रमाने एकाने दुसऱ्याच्या हाती कारभार सोपवीत हे आवाज वर्षाचे नऊ महिने पुरे करतात. मार्गशीर्ष-पौषात मात्र कूलर फडक्यात गुंडाळून पडवीच्या कोपऱ्यात गेलेले असतात, पंखे थांबलेले असतात, दारे-खिडक्या थंडीपायी लावून घेतलेल्या असतात, आणि रात्री अकरानंतर स्टेशनाकडून येणारी एखाद्या मालगाडीची शिटी सोडली, तर अकोल्याच्या जठारपेठेतील आमच्या जुन्या घरात भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकतानाही ऐकू येतो. माझ्या संगणकाला आवाज आहे, आणि तो आवाज निरुपद्रवी नाही, हे मला उमगले ते अशाच एका रात्री. आणि ते उमगण्यास जे निमित्त घडले त्याचे स्मरण झाले की आजही माझा हात कळफलकावर थबकतो.

अमरावतीस दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात माझी एकतीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर तेथील बिऱ्हाड तसेच राखून मी महिन्याचे वीस-बावीस दिवस अकोल्यास राहू लागलो, कारण बाबांनी अठ्ठ्याऐंशी ओलांडली होती, आई गेल्यापासून घरात त्यांच्या सोबतीस कोणी उरले नव्हते, आणि अमरावतीस चलण्याची गोष्ट काढली की ते नुसती मान हलवून दुसरा विषय काढीत. बाबा जिनात फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राला आमच्याकडची जुनी माणसे रेचा म्हणत. फोन्स मॅकार्थी नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८४० साली ज्या जातीच्या रेच्याचे पेटंट मिळविले, त्याच जातीची यंत्रे पुढे आपल्याकडे रुजली. चामड्याने मढविलेला रूळ फिरत असतो, त्याला एक स्थिर सुरी भिडलेली असते, रुळाला चिकटलेले तंतू त्या दोहोंमधून ओढले जातात आणि मागे राहिलेल्या सरकीला दुसरी, हलती सुरी आपटून आपटून झटकून टाकते. अशा रेच्यांच्या रांगा एका छपराखाली दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत चालत. बाबांनी त्या छपराखाली अडतीस हंगाम काढले आणि जो जो बिघाड त्यांच्या हाताखालून गेला त्याची नोंद लाल कापडी बांधणीच्या लांबट हिशेबी वह्यांत करून ठेवली. वह्या अकरा, कागद पिवळा पडून कडांना तुटू लागलेला. त्या वह्या संगणकावर उतरवून घ्याव्यात एवढ्यासाठी मी माझा संगणक अमरावतीहून अकोल्यास आणला होता.

बाबांची खोली माझ्या खोलीला लागून. मधले दार मी रात्री थोडे उघडे ठेवीत असे. दिवसभर येणे-जाणे, औषधे, जेवण यांत लिहिणे होत नसे, म्हणून बाबा निजल्यावर मी बसत असे. आणि त्या दाराच्या फटीतून त्यांच्या झोपेतल्या श्वासाची मंद चढउतार कानी येत असे. तिच्याकडे मी मुद्दाम लक्ष देत होतो असे नाही, पण ती चालू आहे या भरवशावर मी निर्धास्तपणे एकामागून एक पाने उतरवीत होतो. त्या रात्रीही ती चालू होती. एक वाजून गेल्यावर पाणी प्यावे म्हणून मी उठलो, तर बाबांची खाट रिकामी. ते मागच्या पडवीत न्हाणीच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून थंड फरशीवर बसले होते; पाय मुरगळला होता, उठता येत नव्हते. पाऊण तास तरी झाला असावा. “तीन-चार खेपा हाक मारली,” ते म्हणाले, “मंग म्हटलं, कामात असशीन.” त्या स्वरात गाऱ्हाणे नव्हते, आणि म्हणूनच तो मला अधिक लागला. मी त्यांना उचलून आणले, पाय शेकला, पांघरूण घातले आणि क्षणभर माझ्या खुर्चीत येऊन बसलो. बाबा जागे होते, मधून मधून कण्हत होते, ते मला दाराआडून कळत होते. आणि तरीही तो झोपेतला संथ श्वास माझ्या कानांत पूर्ववत चालूच होता. पाऊण तास रिकाम्या खाटेचा म्हणून मी ऐकत होतो तो श्वास बाबांचा नव्हता. तो माझ्या मेजाखालून येत होता.

न्यायालयात ज्याचे आयुष्य गेले त्याला खोटी साक्ष अपरिचित नसते. परंतु लाच खाऊन खोटे बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत सहसा टिकत नाही. टिकतो तो ज्याच्याविषयी कोणाला शंकाच आली नाही तो. या यंत्राला कोणी काही विचारलेच नव्हते. आपणच त्याच्या तोंडी आपल्याला हवी असलेली जबानी घातली होती, आणि तिच्यावर विसंबून एक म्हातारा माणूस कडाक्याच्या थंडीत फरशीवर बसून राहिला होता. हा आवाज कशाचा, कोठून उत्पन्न होतो आणि का होतो, याचा शेवटापर्यंत तपास करायचा, असे मी त्या रात्री ठरविले.

पहिली चौकशी एका दुकानात केली. तेथील मुलाने अत्यंत सौजन्याने सांगितले, “काका, कॉम्प्युटर म्हटला की आवाज येणारच.” हे वाक्य मला तेव्हाही पटले नाही आणि आज तर मुळीच पटत नाही. यंत्राचे जे कार्य आहे त्यात आवाज कोठेच अभिप्रेत नाही. आकडेमोड निःशब्द असते. आवाज होतो तो उष्णता बाहेर नेणाऱ्या वाऱ्याचा, फिरणाऱ्या वस्तूंचा आणि त्यांच्यामुळे थरथरणाऱ्या पत्र्याचा. म्हणजे जितका आवाज तितकी शक्ती कोठेतरी भलत्या वाटेने गळते आहे असाच त्याचा अर्थ. त्यानंतर एक चूक माझ्या हातून झाली: आवाज बाहेर येऊ नये म्हणून मी कॅबिनेटभोवती आईच्या हातची एक गोधडी लपेटली. अर्ध्या तासात आतील उष्णता वाढली, पंखे अधिक वेगाने फिरू लागले आणि आवाज दुणावला. थंड देशांत कॅबिनेटला आतून जाड फोमचे अस्तर लावतात. आमच्या हवेत ते अस्तर म्हणजे पुन्हा गोधडीच होय, असे माझे मत त्या दिवशी कायम झाले. आवाजाचा बंदोबस्त उगमाशी करावा, तेथे न झाल्यास त्याच्या वाटेवर करावा, आणि झाकणे हा उपाय शेवटचा समजावा.

तपासाची रात्र निवडली ती वाऱ्याशिवायची. आधी जे आरोपी नव्हते त्यांना मोकळे करणे भाग होते. शीतकपाट बंद केले. इन्व्हर्टर बंद केला. मग ट्यूबलाइट मालवली, आणि मला आश्चर्य वाटले, कारण इतके दिवस जी गुणगुण मी संगणकाच्या नावावर मांडली होती तिच्यातील एक जाड सूर ट्यूबच्या जुन्या चोकबरोबर नाहीसा झाला. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, प्रत्येक आवर्तनात चोकमधील लोखंड दोनदा ताणले जाते, म्हणून तो सेकंदाला १०० कंपनांनी गुणगुणतो. निरपराध्याच्या नावावर दुसऱ्याचा गुन्हा नोंदला गेला होता. उरलेला आवाज मात्र निःसंशय त्या काळ्या पेटीचा होता. आणि टेबल-दिव्याच्या उजेडात मी तिचा बाजूचा पत्रा उतरवला.

आत पाहिले तर पाच वस्तू आवाज करण्यास समर्थ: समोरचा पंखा, मागचा पंखा, प्रोसेसरवरचा पंखा, वीजपुरवठ्याच्या डब्यातला म्हणजे एसएमपीएसचा पंखा आणि हार्ड डिस्क. पाचही एकाच वेळी बोलत असताना कोण काय म्हणतो ते मला निवडता येईना. कान जवळ नेला तर सगळाच आवाज मोठा होई. एवढ्यात मागून काठीचा टकटक आवाज आला. बाबा उठून आले होते. पाय अजून पुरता बरा नव्हता. त्यांनी मला बाजूला सरकायला सांगितले, खुर्चीत बसले, आपल्या काठीचे रबरी बूड काढून तिचे टोक कॅबिनेटच्या चौकटीवर टेकवले आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटले.

बाबांचे कान म्हणजे जिनाने अर्धे वसूल केलेली रक्कम होती. गोंगाटात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याची श्रवणशक्ती सरसकट कमी होत नाही. ती आधी सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपासच्या बारीक स्वरांपाशी झिजते, आणि झिजलेली परत येत नाही. पैंजण, चिमणी, नातवंडांचे कुजबुजणे ही बाबांना केव्हाच पारखी झाली होती. पण काठीतून, हाडातून येणारा जाड स्वर त्यांना माझ्यापेक्षा स्पष्ट कळे. अडतीस वर्षे त्यांनी रेच्यांचे निदान असेच केले होते. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लेनेक या वैद्याने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि तिच्यातून पुढे स्टेथॉस्कोप निघाला, हे मी पुस्तकात वाचले होते. परंतु छातीचा आणि यंत्राचा आवाज ऐकण्याची रीत मुळात एकच आहे, हे माझ्या मनावर ठसले ते बाबांचे मिटलेले डोळे पाहताना. काठी चौकटीवरून सरकत सरकत मागच्या पंख्याच्या स्क्रूपाशी थांबली. “हे वारं नव्हे,” ते म्हणाले, “हे बेरिंग हाय. तेल आटलं त्याचं. खरखर करते.” मग काठी खाली नेली. “अन् इथं दुसरंच हाय. इथं पत्रा बोलून राह्यला.”

खरखर हा शब्द त्यांनी सहज वापरला नव्हता. त्यांच्या वह्यांत प्रत्येक बिघाडापुढे आवाजाचा एक रकाना आहे, आणि त्या रकान्यात खरखर म्हणजे कोरडे बेअरिंग, खडखड म्हणजे सैल बोल्ट, करकर म्हणजे सुरीखाली तापलेले चामडे, कुई म्हणजे घसरणारा पट्टा, फटफट म्हणजे त्याच पट्ट्याचा उसवू लागलेला सांधा, धडधड म्हणजे हललेला पाया, असा अर्थ अकराही वह्यांत काटेकोरपणे पाळलेला आहे. एकाऐवजी दुसरा शब्द पडलेला मला अजून आढळला नाही. ही कोणी शिकवलेली परिभाषा नव्हती. आपल्या भाषेने ती आधीच घडवून ठेवली होती, आणि कारखान्यात उभ्या राहिलेल्या माणसाने ती नेमकी उचलली. ‘आवाज’ हा शब्द आपण फार्सीतून घेतला, ‘ध्वनी’ संस्कृतातून आणला, पण आवाजांमधला भेद दाखविण्याची पाळी आली की आपण आपल्या घरच्या या दुहेरी शब्दांकडेच वळतो, आणि त्यांत ‘ख’ला ‘घ’ केला की वस्तूच बदलते: खरखर कोरड्याची, घरघर वजनदार फिरत्या वस्तूची. घरघर हा शब्द लिहिताना मात्र मी अडखळतो. जात्याची तीच, यंत्राची तीच, आणि माणसाचे अखेरचे श्वास अवघड होतात तेव्हा लागते तीही तीच.

मग मी बाबांच्या सांगण्यावरून मागच्या पंख्याच्या मध्यभागी, जेथे पाती नसतात त्या टोपीवर बोट हलकेच दाबून तो थांबवला. खरखर थांबली. आणि त्याच क्षणी तो श्वासही थांबला.

हे अपेक्षित होते. त्यासाठीच तर हा खटाटोप चालला होता. तरीसुद्धा माझ्या छातीत धस्स झाले आणि मी वळून बाबांकडे पाहिले. ते काठी मांडीवर घेऊन माझ्याकडेच पाहत होते.

खुलासा कळला तेव्हा तो अगदी साधा निघाला. पुढचा आणि मागचा पंखा एकाच बनावटीचे होते, ८० मिलिमीटरचे, सात पात्यांचे, मिनिटाला सुमारे २१०० फेरे घेणारे. सात पाती मिनिटाला २१०० वेळा फिरली म्हणजे सेकंदाला २४५ वेळा एक पाते चौकटीच्या काडीसमोरून जाते, आणि तोच त्या पंख्याचा सूर. दोन्ही पंख्यांचे फेरे तंतोतंत सारखे असते तर एकच अखंड सूर ऐकू आला असता. पण एकाचे बेअरिंग कोरडे पडल्यामुळे तो मिनिटाला दोन फेऱ्यांनी मागे राहत होता, आणि अशा दोन किंचित विसंगत सुरांच्या लाटा कधी एकमेकींना मिळतात तर कधी एकमेकींना खोडतात, त्यामुळे आवाज चढतो आणि उतरतो. फरक दोन फेऱ्यांचा, पाती सात. म्हणजे मिनिटाला चौदा चढउतार. स्वस्थ निजलेल्या प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस. कोरड्या बेअरिंगमुळे तो फरकही स्थिर नसे, कधी श्वास जरा लांबे, कधी तोकडा होई, आणि त्या अस्थिरतेनेच त्याला माणूसपण आले होते.

तंबोरा जुळविताना जोडीच्या तारा याच चढउताराच्या साहाय्याने मिळवतात. ती लाट लांबत लांबत नाहीशी झाली की तारा मिळाल्या. तंबोऱ्याच्या तारेचे कंपन हा ज्यांच्या अभ्यासाचा एक आवडता विषय होता ते चंद्रशेखर वेंकट रामन तरुणपणी सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी होते, आणि १९१० च्या सुमारास त्यांची नेमणूक मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी असलेल्या नागपुरास झाली होती. दिवसा जमाखर्च आणि उरल्या वेळात नादाचे शास्त्र, असा त्यांचा क्रम. आमच्या मुलखाचा जमाखर्च पाहिलेल्या माणसाने तारेचा नाद इतक्या बारकाईने ऐकला होता, ही गोष्ट मला त्या आठवड्यात फार जवळची वाटली.

दुरुस्ती आम्ही दोघांनी केली. योगायोगाने तो दिवस २० डिसेंबरचा, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीचा निघाला. वलगावच्या वाटेवर १९५६ साली त्यांनी देह ठेवला तेव्हा बाबा एकवीस वर्षांचे होते, आणि कीर्तनाच्या आधी खराट्याने गाव झाडणाऱ्या त्या पुरुषाला त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. “उघडलं की आधी झाडाचं,” एवढेच ते म्हणाले. कॅबिनेट अंगणात नेऊन मी रंगाच्या मऊ कुंचल्याने झाडले. प्रोसेसरवरच्या अॅल्युमिनियमच्या पाकळ्यांमध्ये धुळीचा नुसता थर नव्हता, पांढुरका नमदा होता. चिमटीत धरून ओढला तर सलग निघाला. बाबांनी तो बोटांत चोळून पाहिला. रुईचे तंतू. कपाशीच्या मुलखात हवाही थोडी कापसाचीच असते. त्या नमद्याने वारा अडला होता, त्यावर प्रोसेसर आणि पाकळ्या यांच्यामधली उष्णतावाहक पेस्टही वाळून खडूसारखी झाली होती, म्हणून उष्णता निघत नव्हती, म्हणून पंखा जीव तोडून फिरत होता. जुनी पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. फुंकणीने वारा मारताना पंख्याची पाती धरून ठेवावी, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते, हेही बाबांनीच सांगितले. संगणक त्यांनी आयुष्यात प्रथमच उघडा पाहिला होता.

त्या दोन जुळ्या पंख्यांना तेल देऊन पुन्हा बसवण्यास मी राजी नव्हतो. मी अमरावतीस जाऊन १२० मिलिमीटरचा एकच पंखा आणला. अकोला-अमरावती रस्त्याचा पंचाहत्तर किलोमीटरचा एक पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून विश्वविक्रमास पात्र ठरला. खडबडीत रस्त्यावरची एसटीची जुनी खडखड त्या नव्या डांबरावर निवालेली होती, आणि कान तयार झाल्यामुळे असेल, मी सगळी वाट चाकांचाच आवाज ऐकत आलो. मोठा पंखा सावकाश फिरून लहान पंख्याहून अधिक वारा नेतो, आणि पंख्याचा आवाज त्याच्या वेगाच्या मानाने फार झपाट्याने उतरतो: फेरे निम्मे केले तर सुमारे १५ डेसिबल कमी होतात, आणि १० डेसिबल कमी झाले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. नवा पंखा मिनिटाला ८०० फेऱ्यांवर ठेवला. जुळा नाही, म्हणून चढउतार नाही.

पत्रा बोलत होता तो हार्ड डिस्कमुळे. तिच्या तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. ती थरथर स्क्रूंच्या वाटे चौकटीत उतरते आणि बाजूचा रुंद पत्रा ढोलाच्या पानासारखा ती थरथर हवेला देतो. डिस्कवरच्या सर्व मजकुराची दुसरी प्रत आधी काढून घेतली, मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून डिस्क त्यांच्यावर अधांतरी टांगली. लोखंडाची लोखंडाशी गाठ तुटली आणि ती जाड गुणगुण इतक्या सहज गेली की बाबांनी दोनदा काठी लावून खात्री करून घेतली.

एक आवाज उरला. पडद्यावरील मजकूर वर-खाली सरकवला की मदरबोर्डवरील वेटोळ्यांतून एक अतिसूक्ष्म शीळ निघते. विजेची मागणी झपाट्याने बदलली की ती वेटोळी थरथरतात. मी बाबांना विचारले. त्यांनी काठी लावली, बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, “मले तं काहीच आयकू येत नाही.” त्या शीळेच्या उंचीचे सगळे त्यांच्या कानातून कधीच गेले होते. मी पुन्हा तो विषय काढला नाही. कॅबिनेट भिंतीच्या बाजूला थोडे लांब सरकवले. उघड्यावर अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, बंद खोलीत त्याहून थोडा कमी.

उन्हाळ्याचा हिशेब निराळा. पंखा कोणतीही वस्तू खोलीपेक्षा थंड करू शकत नाही; खोलीचे तापमान जेवढे चढेल, प्रोसेसरचे जवळजवळ तेवढेच चढते. २६ मे २०२० रोजी अकोल्याचा पारा ४७.४ अंशांवर होता. अशा दिवशी ८०० फेऱ्यांचा हट्ट धरणे म्हणजे यंत्राचा घात. म्हणून बायोसमध्ये पंख्याच्या वेगाच्या दोन नोंदी करून ठेवल्या आहेत, हिवाळी आणि उन्हाळी, आणि होळीला कूलर बसवताना मी एकीवरून दुसरीवर जातो. कूलरपुढे संगणकाचा आवाज ऐकू येणारही नाही. पण कूलरपुढे बाबांची हाकही ऐकू येणार नाही, म्हणून त्या चार महिन्यांत माझी खाट त्यांच्या खाटेशेजारी असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, ती शेजाऱ्याच्या भोंग्यासाठी. स्वतःच्या घरात एका माणसाची हाक दुसऱ्याला पोचू नये एवढा आवाज आपण केव्हा होऊ दिला, याचा पंचनामा करायला कोणी येत नाही.

सगळे पुरे झाल्यावरच्या पहिल्या रात्री मी दहा वाजता बसलो. पडदा उजळला, बाकी काही घडले नाही. घड्याळ ऐकू येत होते. माझ्या बोटांखालच्या कळा ऐकू येत होत्या. थोड्या वेळाने दाराआडून बाबा म्हणाले, “गेला का रे?”

“नाही बाबा, इथेच आहे.”

“मंग बंद पडलं का ते?”

“नाही. चालू आहे.”

काही वेळ गेला. मग ते म्हणाले, “आवाज येत राहे तं मले वाटे, तू जागा हायेस.”

म्हणजे तीच साक्ष दाराच्या दोन्ही बाजूंना चालली होती. मी तिच्या भरवशावर त्यांना निजलेले समजत होतो, आणि ते तिच्या भरवशावर मला जागा समजत होते. माझ्या खोलीतून घरघर येत असेल तर हाक ऐकू जाईलच, असे मानून ते त्या रात्री काठीही न घेता पडवीकडे गेले होते. हे त्यांनी मला तोवर सांगितले नव्हते.

तेव्हापासून मी वह्या मोठ्याने वाचत उतरवतो. जाड, खालच्या सुरात वाचतो. तो त्यांना पोचतो. हंगाम, तारीख, रेच्याचा नंबर, आवाज, उपाय. कधी ते आतून दुरुस्ती सांगतात, की तेथे बेरिंग लिहिले असले तरी खरे बुश होते, घाईत चुकीचे लिहिले. कधी एखाद्या नोंदीवर नुसते हसतात आणि त्या दिवशी भोंगा किती वाजता झाला ते सांगतात. काही पाने वाचून झाली की त्यांची उत्तरे येईनाशी होतात. मग श्वास ऐकू येतो. तो त्या पंख्यांच्या श्वासासारखा मुळीच नाही: त्याला शेवटी एक बारीक शीळ आहे, मध्येच तो अडतो, आणि कधी कधी इतका वेळ येत नाही की माझी बोटे कळफलकावर अधांतरी राहतात आणि घड्याळाचे ठोके मी मोजू लागतो. चार. पाच. मग तो येतो, आणि मी पुढची ओळ वाचतो: रेचा नंबर सात, डावे बेअरिंग, खरखर, तेल दिले, चालू केला.